पत्त्याच्या जुळणीचे नियम : टपालाच्या खणापासून रिव्हर्स प्रॉक्सीपर्यंत

१. प्रश्नाचे स्वरूप

वर्धा जिल्ह्याच्या सेलू तालुक्यात, बोर नदीच्या परिसरात, हिंगणी नावाचे गाव आहे. याच जिल्ह्यात दक्षिणेकडे हिंगणघाट आहे. शेजारच्या नागपूर जिल्ह्यात हिंगणा आहे, आणि पुण्याजवळील हिंगणे तर महर्षी कर्व्यांच्या आश्रमामुळे महाराष्ट्रभर प्रसिद्ध झाले. हिंगण या काटेरी वृक्षाशी नाते सांगणारी अशी ग्रामनामे आपल्या प्रदेशात विपुल आहेत. नुसते ‘हिंगणी’ हे नाव धारण करणारी गावेही एकाहून अधिक आहेत. भर म्हणून असे की, ज्या सेलू तालुक्यात ही हिंगणी येते त्याच नावाचे दुसरे सेलू परभणी जिल्ह्यात आहे. तात्पर्य, ‘हिंगणी, तालुका सेलू’ एवढे लिहिल्याने लिहिणाऱ्याचे समाधान होईल, परंतु ते पत्र वाटेला लावणाऱ्याचे होणार नाही.

नावांच्या या गर्दीत पाठविलेली वस्तू योग्य दारी कोणत्या नियमाने पोचते, हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक भासतो. परंतु एकाच पत्त्यावर जेव्हा दोन नियम हक्क सांगतात तेव्हा कोणाचे चालावे, हा त्याचा गाभा आहे, आणि त्याची उत्तरे निरनिराळ्या काळी निरनिराळी दिली गेली आहेत. आज संगणकांच्या जाळ्यावर एखादी संस्था आपले संकेतस्थळ चालविते तेव्हा तिच्या वेशीवर बहुधा रिव्हर्स प्रॉक्सी या जातीचा वेब सर्व्हर उभा असतो. आलेल्या मागणीचा पत्ता, म्हणजेच यूआरएल, वाचून ती आतील कोणत्या सर्व्हरकडे धाडावयाची याचा निर्णय तो करतो, आणि हा निर्णय सर्वस्वी कॉन्फिगरेशन फाईलमध्ये लिहून ठेवलेल्या जुळणीच्या नियमांवर अवलंबून असतो. या नियमांचा इतिहास पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. आमचे प्रतिपाद्य थोडक्यात असे : नियमाचा अर्थ केवळ त्याच्या शब्दांत नसतो. तो कोणत्या व्यवस्थेत लिहिला गेला, तेथे अग्रक्रम कशास आहे आणि नावाची सीमा कोठे मानली जाते, यांवर तो ठरतो. म्हणून तेच शब्द एका सर्व्हरवरून उचलून दुसऱ्यावर ठेविले असता त्यांचा अर्थ पालटू शकतो.

२. टपालाचा पूर्वेतिहास

१ ऑक्टोबर १८५४ पासून हिंदुस्थानात सर्वत्र चालणारी तिकिटे आणि अंतरावर अवलंबून नसलेला हलका दर यांची व्यवस्था सुरू झाली. १८६७ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे वर्ध्यावरून नागपुरास पोचली आणि या भागातील टपालाचा ओघ लोहमार्गाशी जोडला गेला. पत्रांची वर्गवारी करणाऱ्या कारकुनासमोर लाकडी खणांची मांडणी असे. त्याचा नियम असा की पत्ता शेवटून वाचावा : प्रथम जिल्हा, मग तालुका अगर टपालाचे गाव, आणि सर्वांत शेवटी घरधन्याचे नाव. या पद्धतीचा सारा भार माणसाच्या स्मरणावर होता. नावे सारखी, लिप्या अनेक आणि जिल्ह्याचा उल्लेख गाळलेला, अशा वेळी अनुभवी कारकून तर्काने निभावून नेई. नवखा माणूस हिंगणीचे पत्र हिंगणघाटास धाडू शके.

या अडचणीवर जो उपाय निघाला त्याचे श्रेय एका मराठी अधिकाऱ्याकडे जाते. रत्नागिरी जिल्ह्यातील केळशीचे श्रीराम भिकाजी वेलणकर हे केंद्रीय दळणवळण मंत्रालयात अतिरिक्त सचिव होते. संस्कृतचे कवी व नाटककार म्हणूनही ते ख्यातनाम होते. त्यांनी सिद्ध केलेली सहा अंकी पिन योजना १५ ऑगस्ट १९७२ रोजी अमलात आली. तीत पहिला अंक विभाग दाखवितो, दुसरा उपविभाग, तिसरा वर्गवारीचा जिल्हा, आणि शेवटचे तीन अंक प्रत्यक्ष वाटपाचे टपालघर. ४४२ या आद्यांशाखाली वर्धा, चंद्रपूर व गडचिरोली हे तिन्ही जिल्हे येतात. वर्ध्याचा क्रमांक ४४२००१, हिंगणघाटाचा ४४२३०१, आणि पुण्याजवळच्या हिंगण्याचा, म्हणजे आजच्या कर्वेनगरचा, ४११०५२. नावांतील साम्य अंकांत उरत नाही.

पिनचा एक गुण येथे विशेष ध्यानात घेतला पाहिजे. सर्व क्रमांकांची लांबी समान असल्यामुळे कोणताही पूर्ण क्रमांक दुसऱ्या पूर्ण क्रमांकाचा आद्यांश होऊ शकत नाही. दोन टपालघरांमध्ये एकाच पत्त्यावरून तंटा उद्भवण्याची शक्यता रचनेनेच नाहीशी केलेली आहे. यूआरएलच्या जगात हे भाग्य लाभले नाही. तेथे नावे हवी तेवढी लांब आणि एकात एक अडकणारी असतात. म्हणून तंटा अटळ ठरला, आणि तो मिटविण्याचे नियम करावे लागले.

३. उलट्या दिशेचा मुखत्यार

टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेत १९८९ मध्ये वेबची कल्पना मांडली. यूआरएलची औपचारिक व्याख्या डिसेंबर १९९४ मध्ये प्रसिद्ध झाली. यूआरएलमध्ये दोन श्रेणी एकमेकींच्या उलट दिशेने धावतात, हे पोस्टाच्या पत्त्याशी ताडून पाहिले असता चटकन लक्षात येते. यजमानाचे नाव टपालाच्या पत्त्याप्रमाणे शेवटून वाचावयाचे असते. त्यापुढील मार्ग मात्र डावीकडून उजवीकडे, व्यापकाकडून विशिष्टाकडे जातो. जुळणीचे जे नियम येथे विचारात घ्यावयाचे ते या उत्तरार्धासंबंधीचे आहेत.

सर्नच्या मूळ सर्व्हरमध्ये नियमांची एक फाईल असे. तीत प्रत्येक ओळीवर एक साचा आणि त्याचे फलित लिहीत. ‘कोणतीही अक्षरे’ या अर्थी तारकाचिन्ह वापरीत. सर्व्हर वरून खाली एकेक ओळ वाची. काही ओळी पत्ता बदलून पुढील ओळीकडे सोपवीत, काही ओळी तेथेच निकाल देत : मागणी मान्य, अथवा अमान्य. येथे अग्रक्रमाचे तत्त्व एकच होते, ते म्हणजे क्रम. जो आधी लिहिला तो आधी लागू. ही पद्धत स्वाभाविक होती, कारण नियम थोडे होते, लिहिणारा बहुधा एकटा होता आणि सारी फाईल एका दृष्टिक्षेपात मावत असे.

प्रॉक्सी म्हणजे मुखत्यार. १९९४ च्या पहिल्या वेब परिषदेत अरी लुओटोनेन व केव्हिन अल्टिस यांनी ज्या प्रॉक्सीचे विवेचन केले ती मागणाऱ्याची मुखत्यार होती : संस्थेच्या भिंतीआडून बाहेरची पाने आणून देणारी. पुढे हेच यंत्र उलट बाजूस वळविण्यात आले. ते देणाऱ्याच्या दारात उभे राहिले, बाहेरून येणाऱ्यांच्या मागण्या स्वीकारू लागले आणि आतील अनेक सर्व्हरांमध्ये त्या वाटू लागले. म्हणून त्यास रिव्हर्स, म्हणजे उलट्या दिशेचा, मुखत्यार म्हणावयाचे. वाड्याच्या देवडीवरील कारभाऱ्याप्रमाणे बाहेरच्यास तोच धनी वाटतो. आतील दालने त्यास दिसत नाहीत.

१९९५ मध्ये पुढे आलेल्या अपाचे या सर्व्हरने १९९६ मध्ये प्रॉक्सीचे अंग धारण केले. त्याच वर्षी राल्फ एंगेलशाल यांनी पत्त्यांच्या पुनर्लेखनाचे त्याचे प्रसिद्ध अंग रचिले. त्यात रेग्युलर एक्स्प्रेशन या साच्यांचा मुक्त वापर होता. या साच्यांचे गणित स्टीफन क्लीन यांनी १९५० नंतरच्या दशकात मांडले होते आणि केन थॉम्प्सन यांनी १९६८ मध्ये ते संगणकावरील शोधासाठी उपयोगात आणिले होते.

अपाचेची व्यवस्था इतिहासाच्या विद्यार्थ्याला मोठी उद्बोधक आहे, कारण तीत अग्रक्रमाची तीन तत्त्वे एकत्र नांदतात. मागणी आत धाडण्याच्या प्रॉक्सी-नियमांत जो आधी जुळेल तो विजयी होतो. म्हणून दीर्घ व विशिष्ट मार्ग वर आणि सामान्य मार्ग खाली लिहावेत, असा उपदेश त्याच्या अधिकृत माहितीपुस्तकात केलेला आहे. एखादा भाग वगळावयाचा असेल तर वगळण्याची ओळही सामान्य नियमाच्या आधी यावी लागते. पत्त्यांसाठी लिहिलेल्या ‘लोकेशन’ विभागांत मात्र उलट न्याय आहे : सर्व जुळणारे विभाग लिहिल्या क्रमाने लागू होतात, आणि विरोध आल्यास नंतरचा आधीच्यास बाधित करतो. ‘डिरेक्टरी’ विभागांत क्रमापेक्षा खोली पाहिली जाते. अधिक खोलवरचा विभाग उथळ विभागावर मात करतो. ही तीन तत्त्वे तीन निरनिराळ्या गरजांतून आलेली असून त्यांचे एकीकरण कोणी केले नाही.

४. दीर्घतम आद्यांशाचा न्याय

१९९९ च्या सुमारास एकाच यंत्राने एकाच वेळी दहा हजार ग्राहक कसे सांभाळावेत हा प्रश्न डॅन केगेल यांनी स्पष्टपणे मांडला. इगोर सिसोएव या रशियन अभियंत्याने २००२ मध्ये रॅम्ब्लर या कंपनीत असताना जो सर्व्हर रचण्यास आरंभ केला आणि ऑक्टोबर २००४ मध्ये प्रसिद्ध केला, तो एनजिनएक्स, या प्रश्नाचे एक समर्थ उत्तर ठरला. रिव्हर्स प्रॉक्सी म्हणून त्याचा प्रसार झपाट्याने झाला. त्याच्या जुळणीचे नियम पुढीलप्रमाणे आहेत.

आलेला मार्ग प्रथम शुद्ध केला जातो : टक्केचिन्हांनी लिहिलेली अक्षरे उलगडली जातात, एका टिंबाचे व दोन टिंबांचे खंड सोडविले जातात, आणि लागोपाठच्या तिरक्या रेघांची एक रेघ केली जाते. प्रश्नचिन्हापुढील भाग जुळणीत धरला जात नाही. मग बरोबरचिन्हाने लिहिलेला, तंतोतंत जुळणारा नियम असेल तर तेथेच निकाल होतो. नसल्यास सर्व आद्यांश-नियमांतून सर्वांत लांब जुळणारा निवडून स्मरणात ठेविला जातो. त्या नियमावर ‘साचे पाहू नयेत’ अशी विशेष खूण असेल तर शोध संपतो. नसेल तर रेग्युलर एक्स्प्रेशनचे साचे फाईलमधील क्रमाने तपासले जातात, आणि पहिला जुळणारा साचा स्मरणातील आद्यांशास बाजूस सारतो. एकही साचा जुळला नाही तर तो आद्यांश लागू होतो.

या रचनेत आद्यांशासाठी विशेष हे तत्त्व आहे आणि साच्यांसाठी क्रम हे. अशी दुहेरी व्यवस्था का, याचे उत्तर गणितात आहे. आद्यांश झाडाच्या फांद्यांसारखे रचता येतात. त्यांतून सर्वांत लांब कोणता हे निर्विवादपणे आणि थोड्या पायऱ्यांत सांगता येते. दोन साच्यांपैकी अधिक विशिष्ट कोणता हे मात्र सामान्यतः असे सहज ठरविता येत नाही. म्हणून तेथे लेखकाच्या क्रमाचाच आधार घ्यावा लागतो. जाळ्यातील वाटाड्या यंत्रांनी १९९३ पासून दीर्घतम आद्यांशाचाच न्याय स्वीकारला होता, हेही येथे नमूद करावयास हवे.

आता एक कल्पित उदाहरण घेऊ. एखाद्या ग्रंथालयाने ‘/सेलू’ हा मार्ग एका सर्व्हरकडे आणि ‘/सेलू/हिंगणी’ हा दुसऱ्या सर्व्हरकडे नेमून दिला आहे, आणि सामान्य नियम आधी लिहिला आहे. एनजिनएक्समध्ये काही बिघडत नाही. हिंगणीची मागणी हिंगणीच्याच सर्व्हरकडे जाते. अपाचेच्या प्रॉक्सी-नियमांत मात्र सेलूचा नियम सारे गिळून टाकतो आणि खालचा नियम कधीच जागा होत नाही. कोणताही दोष दाखविला जात नाही. फाईल निर्दोष म्हणून स्वीकारली जाते. शब्द तेच, आणि अर्थ मात्र निराळा.

दुसरा भेद सीमेचा आहे आणि तो अधिक फसवा आहे. अपाचे ‘/हिंगणी’ हा नियम पूर्ण खंडास लावतो. ‘/हिंगणी’ आणि ‘/हिंगणी/नकाशे’ त्यात येतात, पण ‘/हिंगणीकर-संग्रह’ येत नाही. एनजिनएक्सला खंडाची पर्वा नाही. त्याच्या दृष्टीने आद्यांश म्हणजे केवळ आरंभीच्या चिन्हांची ओळ. त्यामुळे ‘हिंगणीकर-संग्रह’ यासाठी वेगळा नियम नसेल तर तो हिंगणीच्या स्वाधीन होतो. त्यास आवर घालावयाचा तर नियमाच्या अंती तिरकी रेघ द्यावी लागते.

ही एक रेघ किती महत्त्वाची आहे, हे २०१८ मध्ये ऑरेंज त्साय या तैवानी संशोधकाने ब्लॅक हॅट परिषदेत केलेल्या विवरणावरून कळते. समजा नियम ‘/चित्रे’ असा रेघेविना आहे आणि त्यास दिलेली जागा ‘/भांडार/चित्रे/’ अशी रेघेसह आहे. आता कोणी ‘/चित्रे../’ असा पत्ता मागितला तर आद्यांश जुळतो, उरलेला भाग ‘../’ जागेच्या शेवटी जोडला जातो, आणि मागणारा चित्रांच्या दालनातून एक पायरी वर, साऱ्या भांडारात पोचतो. शुद्धीकरणाच्या पायरीवर हे पकडले जात नाही, कारण ‘चित्रे..’ हा खंड नुसत्या दोन टिंबांचा खंड नव्हे. चुकलेले पत्र टपालात फार तर परत येते. येथे एका रेघेच्या अभावी कुलूप उघडे राहते.

५. देवनागरी पत्त्यांची विशेष अडचण

वरील उदाहरणांत मार्ग देवनागरीत लिहिले आहेत, ते केवळ सोयीसाठी नव्हेत. मराठी संकेतस्थळांवर असे मार्ग प्रत्यक्ष आढळतात. प्रवासात मात्र त्यांचे रूप पालटते. ‘हिंगणी’ या शब्दात संगणकाच्या लेखी सहा चिन्हे आहेत : ह, वेलांटी, अनुस्वार, ग, ण, आणि दीर्घ वेलांटी. यूटीएफ-८ या प्रचलित पद्धतीत प्रत्येकास तीन, म्हणजे एकूण अठरा बाइट लागतात, आणि टक्केचिन्हांनी लिहिताना त्यांची चौपन्न अक्षरे होतात.

यातून एक चमत्कारिक परिणाम संभवतो. मराठी वाचकाच्या दृष्टीने ‘हिंगण’ हा ‘हिंगणी’चा आद्यांश नाही, एकाचे अंत्य अक्षर ‘ण’ आहे, दुसऱ्याचे ‘णी’. यंत्राच्या दृष्टीने मात्र तो नि:संशय आद्यांश आहे, कारण ‘णी’ मधील ‘ण’ वेगळा पडतो आणि दीर्घ वेलांटी पुढे उरते. म्हणजे ‘/हिंगण’ हा एकच नियम हिंगणी, हिंगणा, हिंगणे आणि हिंगणघाट या सर्वांवर हक्क सांगेल. नियम अक्षर मधोमध कापतो आणि लिहिणाऱ्यास त्याची वार्ता नसते.

याहून बिकट गोष्ट ‘वऱ्हाड’ या शब्दाची. यातील अर्धा ‘ऱ’ एकाच स्वतंत्र चिन्हाने लिहिता येतो. ‘र’ आणि नुक्ता अशा जोडीनेही लिहिता येतो. किंवा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह असाही साधता येतो. पडद्यावर तिन्ही रूपे सारखी दिसतात. युनिकोडच्या नियमाने पहिली दोन समतुल्य आहेत, तिसरे नाही. परंतु एनजिनएक्स ही समतुल्यता पाहत नाही. तो बाइट ताडतो. म्हणून ‘/वऱ्हाड’ हा नियम एका कळफलकावर लिहिणाऱ्याच्या मागणीस जुळेल आणि दुसऱ्याच्या मागणीस जुळणार नाही. जुळणीपूर्वीचे शुद्धीकरण रोमन लिपीतील पत्त्यांचे प्रश्न समोर ठेवून घडले; आपल्या लिपीचे शुद्धीकरण ज्याचे त्याने, नियमावलीच्या बाहेर, करावयाचे राहिले आहे.

६. उत्सर्ग, अपवाद आणि उत्तरकालीन प्रयत्न

नियमांच्या परस्परविरोधाचा विचार आपल्याकडे व्याकरणशास्त्राने फार पूर्वी केला आहे. अष्टाध्यायीच्या पहिल्या अध्यायाच्या चौथ्या पादातील दुसरे सूत्र तुल्यबल नियमांच्या विरोधात नंतरच्यास प्राधान्य देते. नागेशभट्टांनी परिभाषेन्दुशेखरात संगतवार मांडलेल्या परंपरेत मात्र अपवाद हा पर नियमाहूनही बलवान मानला आहे. या ग्रंथाचे संपादन व भाषांतर पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील प्राध्यापक कीलहॉर्न यांनी १८६८ ते १८७४ या काळात केले. सर्व्हर रचणाऱ्यांनी हे ग्रंथ पाहिले होते असा आमचा मुळीच दावा नाही. परंतु साम्य अर्थपूर्ण आहे. ‘लोकेशन’ विभागांचा न्याय परत्वाचा आहे, दीर्घतम आद्यांशाचा न्याय अपवादाचा आहे. वैयाकरणांनी आणखी एक गोष्ट केली : कोणता न्याय कोणत्या न्यायाहून बलवान, हे त्यांनी स्वतंत्र परिभाषांत नोंदून ठेविले. सर्व्हरांच्या इतिहासात ही पायरी उशिरा आली. २०२० मध्ये कुबरनेटीस या व्यवस्थेने जुळणीचे प्रकार नियमातच घोषित करण्याची पद्धत आणिली. ‘तंतोतंत’ की ‘आद्यांश’ हे तेथे स्पष्ट लिहावे लागते. आद्यांश तिरक्या रेघांनी पडणाऱ्या खंडांवर मोजला जातो. अधिक लांब मार्ग श्रेष्ठ ठरतो, आणि तंतोतंत जुळणी आद्यांशाहून श्रेष्ठ. सीमा आणि अग्रक्रम या दोन्ही गोष्टी अध्याहृत न ठेवता शब्दांत आणण्याचा हा प्रयत्न होय.

या साऱ्या विवेचनाचा आपल्या अभ्यासाशी संबंध आहे. गेल्या तीस वर्षांत संस्था, वृत्तपत्रे आणि शासकीय कार्यालये यांची कागदपत्रे मोठ्या प्रमाणावर जाळ्यावर गेली आहेत. एखादा पत्ता एके काळी कोणता दस्तऐवज देत होता हे उद्याच्या संशोधकाला ठरवावयाचे असेल तर त्यास केवळ दस्तऐवज जतन केलेला असून भागणार नाही. वेशीवरील नियमावली, ती ज्या सर्व्हरसाठी लिहिली त्याचे नाव आणि त्याची आवृत्ती हेही जतन झालेले असावे लागेल. पेशवे दप्तरातील रुमालाचा अर्थ लावताना तो कोणत्या कचेरीचा, हे आपण प्रथम पाहतो. कॉन्फिगरेशन फाईलसही तीच कसोटी लावली पाहिजे. हिंगणीची ओळ हिंगणीपर्यंतच पोचत होती की हिंगणघाटालाही कवेत घेत होती, हे त्या ओळीवरून एकटीवरून सांगता येत नाही. ती ज्या व्यवस्थेत वाचली जात होती तिच्या न्यायावरूनच ते सांगता येते.